स्वराची वाट

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उसाचे हिरवेगार मळे दिसतात. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या जमिनीचे रूप पालटले. कालव्याचे पाणी वितरिकांत, वितरिकांतून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतांत पोहोचते. परंतु मुखाशी जेवढे पाणी सोडले जाते, तेवढे सगळेच शेवटच्या शेतापर्यंत जात नाही. काही जमिनीत मुरते, काही उन्हाने उडून जाते आणि चारी गवताने भरलेली असेल तर काही वाटेतच अडते. म्हणून टेलचा शेतकरी आवर्तनाच्या दिवसांत खोरे खांद्यावर टाकून चारीच्या काठाने फिरतो व वाट कोठे अडली आहे ते पाहतो. पाण्याची ही रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला तारेतून वाहणाऱ्या स्वराची रीत समजण्यास वेळ लागत नाही.

इंदापूर तालुक्यातील एका गावात, पालखीच्या वाटेवर, एक जुने चौसोपी घर आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून याच बाजूने इंदापूरकडे जाते आणि बेलवडीला तिचे गोल रिंगण होते. त्या घरातील आजोबा कीर्तनकार होते. वारीच्या दिवसांत त्यांच्या ओसरीवर वारकऱ्यांची दाटी होई आणि रात्री उशिरापर्यंत टाळमृदंगाचा गजर चाले. आजोबा गेले, मागे उरली ती त्यांच्या एका कीर्तनाची ध्वनिफीत. तिची दुसरी प्रत नव्हती. दरवर्षी मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीस ओसरीवर दोन स्पीकर मांडले जात, अंगणात सतरंज्या अंथरल्या जात आणि सारे गाव ते कीर्तन ऐकण्यास येई. आजी खांबाला टेकून डोळे मिटून बसत.

एका वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागील सर्व तारा काढून पुसून ठेवण्यात आल्या आणि नंतर पुन्हा जोडण्यात आल्या. पुण्यतिथीच्या आठ दिवस आधी यंत्र लावून पाहिले, तेव्हा आवाज बिघडलेला आढळला. उजव्या बाजूचा स्पीकर मधूनच मुका होई. तार हलविली की खरखर करून पुन्हा बोलू लागे. दोन्ही स्पीकरांतून एक संथ घूंऽऽ असा आवाज येत होता. सर्वांत वाईट गोष्ट अशी की, आजोबांचा भरदार आवाज पोकळ झाला होता. “हा त्यांचा आवाज नव्हे,” एवढेच बोलून आजी आत निघून गेल्या.

घरात तर्कवितर्क सुरू झाले. फीतच झिजली, असे एकजण म्हणाला. काकांचे मत निराळे होते. पुण्यातील त्यांच्या एका स्नेह्याकडे परदेशी बनावटीची अतिशय महाग तार होती. तशी तार आणल्यावाचून आवाज सुधारणार नाही, असे ते म्हणू लागले. तारा नुसत्या हाताळल्या तरी आवाज बदलतो, तारेची दिशा उलटी केली तरी बदलतो, असेही त्यांनी ऐकले होते. आठवीत शिकणाऱ्या नातीने मात्र विचारले, “काका, आधी वाट कोठे अडली आहे ते तर पाहू या ना!” शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांचा सल्ला घेऊन ती कामाला लागली.

प्रथम स्वर यंत्रातून कसा प्रवास करतो, हे समजून घ्यावयास हवे. ध्वनिफितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो आणि त्या कणांच्या रचनेत आवाजाची नोंद झालेली असते. फीत यंत्रातील शीर्षावरून सरकते, तेव्हा तेथे अत्यंत क्षीण विद्युत्दाब निर्माण होतो. तो एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी असतो. यंत्र त्याला थोडे बळ देऊन एका बारीक तारेने अँप्लिफायरकडे पाठविते. अँप्लिफायर त्याला पुष्कळ मोठा करतो आणि दुसऱ्या, जाड तारांनी स्पीकरकडे धाडतो. स्पीकरमधील तारेचे वेटोळे त्या प्रवाहाबरोबर पुढेमागे हलते, त्याला जोडलेला कागदी शंकू हलतो, शंकू हवेला हलवितो आणि ती हवा कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. या प्रवासात तारांचे दोन प्रकार लागतात. पहिली तार दुर्बळ विद्युत्संदेश वाहते; तिला बाहेरच्या उपद्रवाचे भय असते. दुसरी तार सबळ प्रवाह वाहते; तिला वाटेतल्या गळतीचे भय असते. दोहोंचे रोग वेगळे, म्हणून उपायही वेगळे.

मुलीने पहिल्याने मुक्या होणाऱ्या बाजूकडे लक्ष दिले. तार मधोमध हलविली, तर काहीच फरक पडत नसे. पिनेजवळ हलविली की खरखर होई. याचा अर्थ दोष तारेत नव्हता, सांध्यात होता. पितळेची भांडी काही दिवस न घासता ठेवली म्हणजे काळवंडतात, हे स्वयंपाकघरात नेहमी दिसते. हवा व ओलावा यांमुळे धातूच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा चढतो. तो विजेला नीट वाहू देत नाही. शिवाय पीन आणि तिची खोबण एकमेकींना सर्वांगाने भिडल्यासारख्या दिसल्या, तरी प्रत्यक्षात त्या थोड्याशा सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेल्या असतात. त्या ठिकाणी पापुद्रा किंवा धूळ आली की स्वराची वाट अडली.

येथेच एका मोठ्या गैरसमजाचे मूळ आहे. पीन काढून पुन्हा घातली की ती खोबणीत घासली जाते, पापुद्रा थोडा खरवडला जातो आणि आवाज स्वच्छ होतो. ज्याने तार उलटी करून लावली, त्याला वाटते की दिशा बदलल्याचा हा गुण. ज्याने नवी महाग तार लावली, त्याला वाटते की हा किमतीचा गुण. वास्तविक गुण घासण्याचा असतो. जुनीच तार काढून पुन्हा तशीच घातली असती, तरी तोच परिणाम दिसला असता. मुलीने यंत्र बंद करून सर्व पिना कोरड्या मऊ फडक्याने पुसल्या आणि सैल झालेली एक पीन शिक्षकांकडून नव्याने डाखवून घेतली. खरखर थांबली.

त्यानंतर तिचे लक्ष घूंऽऽ या आवाजाकडे गेले. घरातील वीज उलटसुलट वाहणारी आहे. एका सेकंदात तिची ५० आवर्तने होतात. अशा तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते आणि बदलते क्षेत्र जवळच्या दुसऱ्या तारेत विद्युत्दाब उत्पन्न करते. हा नियम मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढला. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता पुस्तके वाचून शास्त्रज्ञ झाला होता. दिवाळीत कपाट आवरताना कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने ध्वनिफितीच्या यंत्राची बारीक तार आणि विजेच्या तारा एकत्र गुंडाळून सुतळीने आवळल्या होत्या. दिसावयास ते सुबक होते. परंतु दुर्बळ संदेशाला बलवान शेजाऱ्याच्या दाराशी बांधल्यासारखे झाले होते. अशा बारीक तारेभोवती तांब्याच्या तंतूंच्या जाळीचे कवच असते. ते बाहेरचा उपद्रव बराचसा अडविते; परंतु पिनेपाशी ती जाळीही तुटलेली होती. जाळी जोडली, दोन्ही प्रकारच्या तारा हातभर अंतरावर ठेवल्या, आणि जेथे त्या एकमेकींना ओलांडतात तेथे काटकोनात ओलांडू दिल्या. घुमणे नाहीसे झाले.

तिसरा प्रश्न स्पीकरच्या तारांचा होता. ओसरीपर्यंत पोहोचण्यासाठी दहा मीटर लांबीची, अगदी बारीक जोडतार वापरलेली होती. तांबे विजेचे उत्तम वाहक असले तरी ते थोडा विरोध करतेच. त्यास रोध म्हणतात. विद्युत्दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध जर्मनीतील कोलोन शहरात शिकविणाऱ्या गेओर्ग ओहम या शाळाशिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. प्रारंभी त्याच्या कार्याची उपेक्षा झाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला. रोध मोजण्याच्या एककास आज त्याचेच नाव आहे. तार जितकी लांब तितका रोध अधिक, आणि जितकी जाड तितका कमी. लांब व अरुंद चारीतून पाणी कमी पोहोचते, तसेच हे आहे.

मुलीने वहीत गणित मांडले. प्रवाहास जाऊन परत यावयाचे असल्यामुळे दहा मीटर अंतरासाठी वीस मीटर तार मोजावयास हवी. जुन्या तारेचा छेद केवळ ०.२ चौरस मिलिमीटर होता. तिचा रोध सुमारे १.७ ओहम भरला. स्पीकरचा रोध ८ ओहम होता. म्हणजे अँप्लिफायरने दिलेल्या दाबाच्या शंभर भागांपैकी जवळजवळ अठरा भाग वाटेतच खर्ची पडत होते. शिवाय स्पीकरचा विरोध खर्जाच्या आणि वरच्या पट्टीच्या स्वरांना सारखा नसतो. त्यामुळे वाटेतील हा तोटाही सर्व स्वरांचा सारखा होत नाही आणि आवाजाचा तोल किंचित ढळतो. तिने इंदापूरच्या बाजारातून घरगुती वीजजोडणीत वापरतात तशी, दीड चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची तार आणविली. तिचा रोध पाव ओहमहूनही कमी भरला आणि तोटा शंभरात तीन भागांच्या आत आला. यावरून हे स्पष्ट होते की, तारेची जाडी आणि लांबी यांना खरोखरच महत्त्व आहे. परंतु पुरेशी जाडी मिळाल्यावर अधिक पैसे मोजून वाचविता येईल असे फारसे काही उरत नाही.

एवढे करूनही आजोबांचा आवाज पोकळच राहिला. खर्ज हरवला होता. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसून ऐकले, तर आवाज समोरून येण्याऐवजी कोठून येतो तेच कळत नव्हते. मुलीने पुन्हा एकदा प्रत्येक जोड तपासला आणि तिला चूक सापडली. स्पीकरच्या मागे तारेसाठी दोन जागा असतात, एक लाल आणि एक काळी. साफसफाईनंतर डाव्या स्पीकरच्या तारा बरोबर लागल्या होत्या; उजव्याच्या मात्र अदलाबदल होऊन लाल जागी काळी आणि काळ्या जागी लाल अशा बसल्या होत्या. त्यामुळे एकच स्वर वाजताना डावा शंकू पुढे येई, तेव्हा उजवा मागे जाई. एकाने हवा दाबावी आणि दुसऱ्याने त्याच क्षणी ती ओढून घ्यावी, असा प्रकार चालला होता. खर्जाच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. त्या एकमेकींना पुष्कळ अंशी नाहीशा करतात. नेमका तोच भाग माणसाच्या आवाजाला भरदारपणा देतो. दोन तारांची अदलाबदल केली मात्र, आणि आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, जणू ओसरीच्या मधल्या खांबापाशी येऊन उभा राहिला. या दुरुस्तीस एक पैसाही लागला नाही.

तार जपून हाताळणे किती महत्त्वाचे आहे, हे जगाला एकदा फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. १८५८ साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्यात आली. व्हिक्टोरिया राणीचा अवघ्या ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. या केबलीची बनावट सदोष होती, ती उघड्यावर उन्हात ठेवली गेली होती आणि तिच्यावरील गटापर्चाचे वेष्टण ठिकठिकाणी बिघडले होते. त्यातच संदेश क्षीण येतात असे पाहून एका अधिकाऱ्याने तिला जवळजवळ दोन हजार व्होल्टचा दाब दिला. सुमारे तीन आठवड्यांत ती केबल कायमची मुकी झाली. दाब वाढविण्यापेक्षा तांबे जाड व शुद्ध वापरावे आणि पलीकडच्या टोकास अधिक संवेदनक्षम यंत्र ठेवावे, असे विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाचे मत होते. १८६६ साली टाकलेली केबल याच मार्गाने टिकाऊ ठरली. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावाजवळ खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अतिक्षीण संदेश तेथे काचतंतूंच्या केबलींतून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. संदेश कीर्तनाचा असो की आकाशगंगेचा, त्याच्या वाटेची निगा राखावीच लागते.

मग तारेला नुसता हात लावल्याने, तिला वाकविल्याने किंवा हलविल्याने आवाज बदलतो काय? या प्रश्नाचे उत्तर नीट विचार करून द्यावयास हवे. काही परिस्थितीत बदल घडतो. कवच असलेली तार वाकविली की आतील वेष्टण जाळीवर घासते आणि तेथे अत्यल्प विद्युत्भार उत्पन्न होतो. विजेवरील गिटारीसारख्या वाद्याच्या तारेत हा भार खरखरीच्या रूपाने ऐकूही येतो. परंतु घरातील ध्वनिफितीचे यंत्र आणि अँप्लिफायर यांच्यामधील चांगल्या तारेत तो इतका क्षुल्लक असतो की कानाला कळत नाही. वारंवार एकाच जागी दुमडल्याने मात्र आतले तंतू एकेक करून तुटतात. म्हणून तार कोपराभोवती आवळून गुंडाळू नये, तिला मोठी सैल वेटोळी घालावीत, आणि पीन काढताना तार न ओढता पिनेलाच धरावे. स्पीकरची तार जोडताना सुटा तंतू दुसऱ्या टोकाला टेकू देऊ नये, कारण त्यामुळे अँप्लिफायर जळण्याचा संभव असतो. कोणतीही जोडणी करण्यापूर्वी यंत्र बंद करावे. घरातल्या विजेच्या जोडणीला तर जाणत्या माणसावाचून हात लावू नये.

काकांचे समाधान अद्याप झाले नव्हते. त्यांनी पुण्याहून ती महाग तार दोन दिवसांपुरती मागून आणली. ती लावल्याबरोबर त्यांना आवाज अधिक गोड वाटू लागला. ते खोटे बोलत नव्हते. मन ज्याची अपेक्षा करते ते कान ऐकू लागतात, हा मनुष्यस्वभावच आहे. तेव्हा मुलीने एक परीक्षा सुचविली. काकांनी यंत्राकडे पाठ करून बसावे, तिने नाणे उडवून छापा आल्यास साधी आणि काटा आल्यास महाग तार लावावी, आणि काकांनी कोणती तार आहे ते सांगावे. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवावयाची, कारण जो आवाज किंचित मोठा असतो तोच माणसाला अधिक चांगला वाटतो. दर खेपेस दोन्ही तारा काढून पुन्हा लावावयाच्या, म्हणजे पीन घासल्याचा लाभ एकीलाच मिळावयाचा नाही. असे दहा वेळा झाले. काकांची सहा उत्तरे बरोबर आली.

सहा म्हणजे अर्ध्यापेक्षा अधिक, असे म्हणून काका क्षणभर आनंदले. मुलीने वही पुढे केली. डोळे मिटून नुसते अंदाज सांगितले, तरी दहापैकी सहा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात सुमारे ३८ असतो. दहाच्या दहा बरोबर आली असती, तर गोष्ट निराळी. केवळ योगायोगाने तसे होण्याचा संभव १०२४ मध्ये एक एवढाच. काकांनी आकडे दोनदा तपासले. मग ते हसून म्हणाले, “पोरी, कान माझेच आहेत, पण साक्षीदार म्हणून त्यांना एकट्याने उभे करावयाचे नाही, हे आज कळले.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती तार स्नेह्यास परत केली. वाचलेल्या पैशांतून त्यांनी ध्वनिफितीची प्रत संगणकावर उतरवून घेण्याची व्यवस्था केली, कारण फीत एकच होती आणि ती दरवर्षी थोडी थोडी झिजत होती. घरातील खरा धोका तारेला नव्हता, तो फितीला होता. तो याआधी कोणाच्याच ध्यानी आला नव्हता.

पुण्यतिथीच्या संध्याकाळी अंगण भरून गेले. दिवे लागले, सतरंज्यांवर मंडळी बसली, आणि मुलीने यंत्र सुरू केले. प्रथम टाळांचा नाद आला, मग मृदंगाची थाप, आणि मग ओसरीच्या मधोमध आजोबांचा भरदार आवाज उमटला. आजी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि काही वेळाने हात किंचित उचलून ठेका धरला. मागे भिंतीच्या कडेने ती साधी तांब्याची तार कोणाच्याही नजरेस न येता गेली होती. ज्या तारेची कोणाला आठवणही होत नाही, तीच तार आपले काम चोख करीत असते.